दिसलं नाही म्हणजे?

पुण्याच्या सूसमध्ये मुख्य रस्ता ओलांडताना डावीकडून भरधाव दुचाकी आली की माणूस थबकतो. समजा, पक्षाघातात त्याच्या मेंदूचा मागचा उजवा भाग निकामी झाला आहे. डावीकडचं काहीच दिसत नाही, असं तो शपथेवर सांगेल. डोळे धड आहेत. डोळ्यांचा संदेश मेंदूच्या सालीवर जिथे मुख्यतः उतरतो, तो 'व्ही-वन' पट्टा गेला आहे. मग थबकला कसा? आवाजामुळे, असं म्हणून मोकळं होता येतं.

वैद्यकही बराच काळ असंच मोकळं होत राहिलं. 1904-05च्या रशिया-जपान युद्धातल्या सैनिकांच्या डोक्यातल्या जखमांवरून तात्सुजी इनोउये या नेत्रवैद्याने या पट्ट्याचा नकाशा काढला: इथे इजा, तर नजरेच्या त्या भागात अंधार. हिशोब चोख होता. 1917 साली जॉर्ज रिडॉक या डॉक्टरने तो बिघडवला. त्याच्या काही जखमी सैनिकांना 'आंधळ्या' बाजूची स्थिर वस्तू दिसत नव्हती. ती हलली की मात्र काहीतरी सरकल्याचं जाणवत होतं. गॉर्डन होम्ससारख्या दबदब्याच्या मेंदूतज्ज्ञाला ते पटलं नाही आणि विषय मागे पडला.

तो पुन्हा उघडला तो हेलन नावाच्या एका माकडिणीमुळे. केंब्रिजला मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी तिचा व्ही-वन जवळजवळ पूर्ण काढला होता. त्यांचा विद्यार्थी निकोलस हम्फ्री तिच्यासोबत काही वर्षं चिकाटीने बसला, तिला मोकळ्या मैदानात हिंडवलं. अडथळे चुकवून चालायला आणि जमिनीवरचे बारीक कण टिपायला ती शिकली.

माकडाला 'दिसलं का' असं विचारता येत नाही. ते काय करतं, एवढंच पाहता येतं. मला वाटतं, सगळी कलाटणी इथेच आहे. लंडनमध्ये 1973 साली शस्त्रक्रियेत उजवा व्ही-वन गमावलेल्या डी. बी. या रुग्णाला वाइसक्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी तसंच वागवलं. दिसत नसेल तर नसू दे, ठिपका कुठे असेल तिथे अंदाजाने बोट दाखवा. बोट बहुतेक वेळा बरोबर जागी पडलं. रेघ उभी की आडवी, हेही तो ओळखू लागला. निकाल कळल्यावर तो चकित झाला. आपण नुसते ठोकताळे मारतोय, अशी त्याची खात्री होती. या प्रकाराचं 'ब्लाइंडसाइट' हे नाव 1974 सालचं.

मेंदूत काय घडतं, ते नंतर दिसलं. लहानपणीच्या अपघातात डावा व्ही-वन गमावलेल्या जी. वाय. या रुग्णाच्या आंधळ्या बाजूला 1993च्या प्रयोगात हलती चित्रं दाखवली, तेव्हा गती ओळखणारा व्ही-फाइव्ह भाग जागा झाला. शिवाय काहीतरी हललं, हे त्याला जाणवतही होतं. रिडॉकचे सैनिक खरं बोलत होते. शंका घेणारेही होते: व्ही-वनचे तुकडे शिल्लक असतील तर? ती शंका रास्त होती, काही रुग्णांत तशी बेटं सापडलीही. पण 2010 साली व्ही-वनला इजा झालेल्या माकडांवरच्या प्रयोगात मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधलं दृष्टीचं ठाणं तात्पुरतं बंद केलं, तेव्हा पुढच्या भागांचा प्रतिसाद आणि माकडांचं ओळखणं, दोन्ही गेलं. म्हणजे त्या ठाण्यावरून व्ही-वनला वळसा घालून जाणारी वाट आहे.

आपल्याकडच्या नजरेचं क्षेत्र तपासणाऱ्या नेहमीच्या फील्ड टेस्टमध्ये मात्र अजूनही स्थिर ठिपके लुकलुकतात आणि दिसला तर बटण दाबायचं असतं. पक्षाघाताच्या रुग्णाला एकदा हलता ठिपका दाखवून 'कुठे असेल, अंदाज सांगा' असंही विचारायला हवं.