मोजलेला घास

गेल्या वर्षीची दिवाळी सरली आणि आठच दिवसांत डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला. औषध सुरू करण्याआधी तीन महिने वजन उतरवून पाहा, असे त्यांचे म्हणणे पडले. शहापुरातल्या ज्या तालमीच्या तांबड्या मातीत वडिलांनी अंग घुसळले, तिथे आता साठीच्या माणसाने काय जायचे? मी गल्लीच्या टोकाला झालेल्या आरशांच्या जिममध्ये नाव घातले.

तिथला शिकवणारा मुलगा कन्नड भाषिक. माझे कन्नड बाजारापुरते, त्याचे मराठी शाळेतल्या मित्रांकडून आलेले. पहिल्याच दिवशी म्हणाला, "लेक्क बरीरी सर. काय खाल्लं, किती चाललात, सगळं लिहा. लिहिल्याबिगर काय बी समजत नाही." मोबाईलवर त्याने एक ॲपही घालून दिले. बत्तीस वर्षे मी हिशेबाच्या टेबलावर काढलेली. लेक्क लिहिणे मला जड नव्हते. येतानाच ग्रॅम दाखवणारा छोटा काटा विकत घेतला आणि रात्री भाकरी ताटात घेण्यापूर्वी काट्यावर ठेवली.

आई समोर बसली होती. ब्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "माझ्या हातची भाकरी तोलून घेतोस होय रे?"

मी हसण्यावारी नेले. पण प्रश्न मनातून गेला नाही. आपल्याकडे मोजून वाढणे हे कोतेपणाचे लक्षण मानतात. पाहुण्याच्या पोळ्या मोजणारे घर गावात बदनाम होते. मग स्वतःचे घास स्वतःच मोजणे, हा शहाणपणा की तोही एक कोतेपणाच?

मोजणे हे काही परक्यांचे खूळ नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. तालमीत जोर-बैठका मोजूनच काढीत. पैलवानाच्या खुराकातले बदामही मोजलेले असत. जपाची माळ तर मोजण्यासाठीच असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे सांगितले आहे. ज्ञानेश्वर त्याचा विस्तार करताना आहार मापानेच घ्यावा म्हणतात. मात्र ते माप युक्तीचे. आकडा तिथे कुठेच नाही.

आकडा आला तो प्रयोगशाळेतून. कॅलरी हे मुळात उष्णतेचे माप. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे अन्नाची एक कॅलरी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने माणसाला बंद खोलीत दिवसचे दिवस ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. ग्रॅमभर पिष्टाला चार, प्रथिनाला चार आणि स्निग्धाला नऊ हे त्याचे ढोबळ आकडे आजही पाकिटांवरच्या हिशेबामागे असतात. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नाचे कोष्टक केले. त्या हिशेबाने शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३४० कॅलरी, म्हणजे आईच्या एका भाकरीत पावणेदोनशेच्या आसपास.

पहिल्या तीन आठवड्यांत या लेक्काने माझे डोळे उघडले, हे मी कबूल करतो. "मी फारसा खात नाही" असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो, आणि ते मनापासून सांगत होतो. वहीने दाखवले की दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. कपाटाजवळ उभ्या उभ्या तोंडात टाकलेले शेंगदाणे. आमटीवर ओतलेले कच्चे तेल. यातले काहीच मला आठवत नसे, कारण ताटावर बसून खाल्ले तेवढेच आपण खाणे समजतो. आपली आठवण आपलीच बाजू घेते. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला कागद लागतो. नवशिक्याने काही दिवस तरी लिहावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

पण साक्षीदाराला न्यायाधीश केले की घोटाळा होतो. हा साक्षीदार तितका पक्काही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात यंत्रे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी मोजले. पण किती कॅलरी जळल्या हे सांगताना सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. दहा हजार पावलांचा दंडक तरी कुठून आला? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला निघाले. त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचे मापक" असा होता. विक्रीसाठी घेतलेला तो गोल आकडा. ॲप मला "१८४ कॅलरी खर्च" असे सांगे तेव्हा त्या शेवटच्या चारवर मी श्रद्धा ठेवत होतो. बॅंकेतल्या पासबुकावर ठेवावी तशी.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. संक्रांतीला मित्राकडे गुळाची पोळी झाली. त्याच्या पत्नीने आग्रहाने दुसरी वाढली, आणि मी ताटाशेजारी मोबाईल काढून आकडा पाहू लागलो. त्या माउलीने तुपाची वाटी उचलून परत आत नेली. कोणी काही बोलले नाही. रात्री नऊ वाजता मी थंडीत एकटाच किल्ल्याच्या तलावाला फेऱ्या घालत होतो, जमा-खर्चाची बाजू जुळेपर्यंत. चालता चालता लक्षात आले की आपण व्यायाम करीत नाही, प्रायश्चित्त घेत आहोत. पोळी पाप ठरली होती आणि पावले दंड.

हे माझ्या एकट्याचे वेड नाही. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजायला शिकवणारे पुस्तक लिहिले. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा, असा त्यांचा उपदेश. महायुद्ध चालू होते. धान्य साठवणे हा गुन्हा, तर तेच अंगावर चरबी करून साठवणे काय, असा त्यांचा सूर होता. म्हणजे उष्णतेच्या मापाला पाप-पुण्याचा वास तेव्हापासूनच लागला. "आज लाडू कमावला" असे जिममधली मुले सहज म्हणतात. अन्न कमवायचे असते, हे खरे. पण ते शेतात आणि कामावर. भूक लागलेल्या माणसाला जेवण्याचा हक्क पावले मोजून मिळत नसतो.

फेब्रुवारीत आई म्हणाली, "एवढं लिहितोस, तर माझाही लेक्क लिही की." थट्टाच होती. पण मी तीन दिवस लिहिला. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी चिमूटभर भात, रात्री दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी. बेरीज नऊशेच्याही खाली. सौ.ने वहीत पाहिले आणि ती गप्प झाली. आई सर्वांच्या शेवटी जेवते, म्हणून तिचे ताट आम्ही कधी पाहिलेच नव्हते. विचारल्यावर कळले, दाढ दुखत होती आणि सांगून कुणाला त्रास नको म्हणून ती कमी खात होती. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो.

तोच काटा आणि तीच वही. माझ्या बाबतीत तिने मला माझ्यातच कोंडून घातले होते. आईच्या बाबतीत माझे लक्ष तिच्याकडे नेले. फरक आकड्यात नव्हता, तो कशासाठी घेतला यात होता. जपाच्या माळेत मोजणी बोटांकडे सोपवतात, ती मन मोकळे राहावे म्हणून. ज्या मोजणीने मन मोकळे होत नाही, उलट तिच्यातच अडकते, ती कितीही अचूक असली तरी माळ नव्हे, बेडी आहे. आणि दुसऱ्याचा घास मोजायचा तर त्याला विचारून, थोडे दिवस आणि त्याच्या भल्यासाठीच. आईची वही मी चौथ्या दिवशी बंद केली.

तीन महिन्यांनी वजन पाच किलो उतरले. साखर अजून सीमेवर आहे. सीमेवर राहायची आम्हा लोकांना सवय आहेच. आता मी महिन्याचा पहिला आठवडा लिहितो, बाकीचे दिवस जेवतो. जिमला जातो तो अंगाला बरे वाटते म्हणून. काटा सौ.ने चकलीच्या भाजणीसाठी नेला.

परवा आईने भाकरी वाढायला हात पुढे केला तेव्हा पोटानेच सांगितले आणि मी म्हणालो, "साकु." घरात मराठी बोलणारे आम्ही, पण हा शब्द आमच्याकडे कन्नडमधूनच येतो. आई म्हणाली, "मग आधीच सांगायचं होतंस. भाकरीला विचारायची काय गरज होती?" आणि तिने ती भाकरी आपल्या ताटात घेतली. अख्खी.