पुरवठादाराचा शब्द आणि प्रमाणविचार

प्लास्टिकच्या दाण्यात मिसळल्या जाणाऱ्या विशेष रसायनांना पॉलिमर ॲडिटिव्ह म्हणतात. उन्हाचा मारा सोसायला मदत करणारे यूव्ही स्टॅबिलायझर, साच्यातल्या उष्णतेत पॉलिमर बिघडू न देणारे अँटिऑक्सिडंट, विजेच्या उपकरणांत आग पसरण्यास अटकाव करणारे फ्लेम रिटार्डंट आणि पीव्हीसी मऊ करणारे प्लास्टिसायझर हे त्यांचे काही प्रमुख प्रकार. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत तयार होणाऱ्या वाहनांच्या सुट्या भागांना आणि विजेच्या साहित्याला ही रसायने लागतात. जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत वापरल्या जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, क्रेट आणि शेडनेटही त्यांच्याशिवाय टिकत नाहीत. यूव्ही स्टॅबिलायझर किंवा अँटिऑक्सिडंट यांची मात्रा बहुधा वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि कमी पडली तर दोष उघड व्हायला काही उन्हाळे जावे लागतात. त्यामुळे पुरवठादार निवडणे म्हणजे बऱ्याच अंशी कोणाचे म्हणणे खरे मानायचे हे ठरवणे. दुसऱ्याचे म्हणणे ज्ञान म्हणून केव्हा स्वीकारावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी प्रमाणविचारात शतकानुशतके तपासला आहे.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानते. ॲडिटिव्हच्या खरेदीत ही चारही उपयोगी पडतात आणि प्रत्येकाची मर्यादाही तिथेच कळते.

प्रत्यक्षाचे क्षेत्र सर्वांत भक्कम, पण अरुंद. एचडीपीई पाइपाच्या भारतीय मानकानुसार काळ्या पाइपात कार्बन ब्लॅक २.५ टक्के असावा लागतो, ०.५ टक्का कमी-अधिक चालतो. नमुना हवेविना तापवून पॉलिमर उडवून लावला की उरलेला कार्बन तोलता येतो आणि तो नीट पसरला आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. यूव्ही स्टॅबिलायझरची ओळख आणि मात्रा ठरवायची तर तो द्रावकाने वेगळा काढून महागड्या यंत्रावर तपासावा लागतो. लहान मोल्डिंग कारखान्याकडे ती सोय क्वचितच असते, आणि असली तरी प्रत्येक पोते तपासणे परवडत नाही.

म्हणून अनुमानाचा आधार घ्यावा लागतो. नमुना यूव्ही दिव्याखाली काही शे तास ठेवतात आणि तो तिथे किती तग धरतो यावरून उन्हातले आयुष्य ताडतात. न्यायाच्या भाषेत हे अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अढळ साहचर्यावर, उभे असते. त्या साहचर्यामागे एखादी न सांगितलेली अट दडलेली असेल तर तिला उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान लाकूड ओले असेल तरच टिकते. तिथे ओले इंधन ही उपाधी होय. नाशिकच्या द्राक्षबागेत अशीच एक उपाधी आढळते. भुरीच्या बंदोबस्तासाठी तिथे गंधक वापरतात. हिंडर्ड अमाइन जातीचे यूव्ही स्टॅबिलायझर अल्कधर्मी असतात. गंधकापासून तयार होणारी आम्ले त्यांना निकामी करू शकतात. दिव्याखाली उत्तम ठरलेली फिल्म बागेत लवकर फाटली, तर चाचणीचा अहवाल खोटा ठरत नाही, त्यावरून काढलेले अनुमान खोटे ठरते. चांगला पुरवठादार म्हणूनच अहवाल पुढे करण्याआधी माल कुठे वापरायचा आहे आणि त्यावर कोणती फवारणी होणार आहे, हे विचारतो.

उपमानाचा गैरवापर बाजारात सर्वाधिक होतो. ‘अमुक नामांकित ग्रेडच्या तोडीचा माल’ हे नेहमीचे विधान उपमानाचे आहे. गवय गाईसारखा असतो असे ऐकलेल्या माणसाला रानात तो प्राणी दिसला की यालाच गवय म्हणतात एवढे कळते. नैयायिकांच्या मते उपमानाचे फळ तेवढेच. गवय गाईइतके दूध देतो, हे त्यातून निघत नाही. रासायनिक नाव तेच असले तरी शुद्धता, कणांचा आकार आणि उष्णतेत उडून जाण्याचे प्रमाण वेगळे असू शकते. साम्य हे चाचणीची सुरुवात करायला पुरेसे आहे, ऑर्डर द्यायला नाही.

शेवटी उरतो तो शब्द. टेस्ट सर्टिफिकेट, सुरक्षा-पत्रक आणि घटकांविषयीचे हमीपत्र ही सारी शब्दप्रमाणाची रूपे. न्यायमतानुसार शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्ताच्या दोन अटी सांगतो: त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. तेव्हा परदेशी कंपनी किंवा मोठा ब्रँड एवढ्यावर आप्तत्व सिद्ध होत नाही. सचोटीचा डीलर दुसरी अट पुरी करतो, पण माल कसा बनला हे त्याने पाहिलेले नसते. वरून आलेला कागद तो पुढे देतो. उलट, उत्पादकाला सारे ठाऊक असूनही लाभापोटी तो काही गोष्टी झाकू शकतो. म्हणून चौकशीही दुहेरी हवी. बॅच कोणी बनवली, चाचणी त्याच बॅचची आहे का, हे ज्ञानाविषयीचे प्रश्न झाले. घटक बदलण्यापूर्वी कळवले जाते का, स्वतःच्या सदोष बॅचची खबर पुरवठादाराने आपण होऊन दिली आहे का, हे हेतूविषयीचे.

ज्ञानाच्या प्रामाण्याबद्दल मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मतभेद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान बाधित होईपर्यंत स्वतःच प्रमाण असते. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, विशेषतः त्यावर आधारलेली कृती सफल झाल्याने, ठरते. तक्रार येईपर्यंत विश्वास ठेवण्याची व्यापारी रीत पहिल्या मताशी जुळते. खिळे किंवा खोके घेताना ती चालते, कारण दोष लगेच कळतो. ज्या मालाचा दोष कळायला वर्षे लागतात, तिथे नैयायिकांची सावधगिरीच योग्य. छोट्या ऑर्डरवर चाचणी घेणे, प्रत्येक लॉटचा नमुना जपून ठेवणे आणि कारखाना प्रत्यक्ष पाहणे हे तिचे व्यवहारातले रूप होय.

शब्दाला आधार देण्याची जुनी व्यवस्था नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिले. एका श्रेणीकडील २,००० वर दरमहा एक टक्का आणि दुसरीकडील १,००० वर पाऊण टक्का व्याज ठरले. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे होते. वर्षाच्या २४० कार्षापण व्याजाशी हा हिशेब तंतोतंत जुळतो. हे दान निगमसभेत जाहीर करून नोंदवले गेले. विश्वास टाकला तो एका माणसावर नाही, त्याच्यानंतरही टिकणाऱ्या संघटनेवर. रक्कम, दर आणि हेतू स्पष्ट लिहिले आणि चारचौघांत वाचले. पुरवठ्याच्या करारातही हेच हवे.

प्रश्न ज्ञानापुरता मात्र राहत नाही, तो नीतीचाही आहे. पीव्हीसी पाइपांत शिसेयुक्त स्टॅबिलायझर स्वस्त आणि परिणामकारक म्हणून दीर्घकाळ वापरले गेले. युरोपातील उद्योगाने २०१५ अखेर ते थांबवले. भारतात केंद्र सरकारने त्याविषयीचे नियम २०२१ मध्ये काढले. पाइपातून पाणी पिणाऱ्या मुलाकडे प्रयोगशाळा नसते आणि त्याने कोणताही करार केलेला नसतो. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात खोटी मापे वापरणे आणि अस्सल मालात हिणकस मिसळणे हे अचौर्यव्रताचे दोष सांगितले आहेत. फसवणुकीचा व्यापार त्या दृष्टीने चोरीतच मोडतो. पुरवठादाराचा कागद न तपासता पुढे देणारा खरेदीदारही या दोषातून पूर्ण सुटत नाही.

कारण पुढच्या ग्राहकासाठी तोच आप्त असतो. कमी दर हे निवडीचे रास्त कारण आहे, पण ते शेवटचे. आधी पुरवठादाराला माल ठाऊक आहे का आणि तो खरे सांगतो का, हे पाहावे. या दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्यांमध्येच दराची तुलना करावी.