रस्ता सांगणारी माणसं



आज सोमवार. काल पहाटे, उजाडायच्या आत, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतून सायकली बाहेर पडल्या असतील. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे, नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे, नागपूरहून रामटेककडे, पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्याकडे. त्या चालवणारे कोणी नामवंत खेळाडू नसतात. बँकेत काम करणारे, शाळेत शिकवणारे, दुकान सांभाळणारे, नुकतेच निवृत्त झालेले, अशी तुमच्याआमच्यातलीच माणसं. शनिवारी रात्री लवकर जेवायचं, चाकांत हवा भरून ठेवायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि गजराच्या आधी जागं व्हायचं, हा त्यांचा नेम.

दुपारच्या जेवणाला ही मंडळी घरी परततात, पण फेरी काही तिथे संपत नाही. सोमवारी डब्याच्या सुट्टीत, चहाच्या टपरीवर, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याजवळ ती पुन्हा एकदा होते. या दुसऱ्या, सांगण्याच्या फेरीबद्दल मला आज बोलायचं आहे. आपल्या रस्त्यांची इतकी खरी आणि इतकी बारीक माहिती दुसरीकडे कुठेही जमा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुणेकरांच्या आवडीची एक वाट घेऊ. कोंढव्याहून बोपदेव घाट चढायचा, भिवरीवरून सासवडला पोचायचं, तिथून पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचं नारायणपूर, मग कापूरहोळ, आणि खेड शिवापूरवरून कात्रजच्या जुन्या घाटाने पुन्हा शहरात. याच वाटेने मोटारीतून गेलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, रस्ता बरा आहे. आता सायकलवाल्याला विचारा. घाटात कोणत्या वळणावर खडी सांडली आहे, चढ कुठे एकदम अंगावर येतो, कोणत्या फाट्यावर सकाळी सहाला चहा मिळतो, कुणाच्या अंगणातल्या नळावर बाटली भरून घ्यायला कोणी नाही म्हणत नाही, सीताफळाच्या दिवसांत पाट्या घेऊन बसलेल्या मावशी कुठे भेटतात, हे सगळं तो सांगेल. चढावर जवळजवळ चालण्याच्याच वेगाने जाणाऱ्या माणसाला रस्ता तळहातांतून आणि तळपायांतून कळतो. काचा बंद केलेल्या गाडीत त्यातलं काही शिरत नाही.

पंक्चरचंच बघा. महामार्गाच्या कडेला मालमोटारींच्या फुटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. या टायरांत पोलादी तारांची जाळी असते. तुकडे झिजले की केसाएवढ्या तारा सुट्या होतात आणि धुळीत दिसेनाशा होतात. अशी तार सायकलच्या टायरात शिरते तेव्हा आवाज होत नाही, चाक हळूहळू बसत जातं. नवखा माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो, निघतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबतो, कारण तार टायरातच राहिलेली असते. जाणता माणूस आधी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळून फिरवतो. कुठे बारीक फुंकर लागते ते पाहतो. भोक सापडलं की ट्यूब टायरावर तशीच धरून तार कुठे असेल याचा अंदाज बांधतो. मग टायरच्या आतल्या बाजूने बोटाचं टोक अगदी सावकाश फिरवतो, घाईने फिरवलं तर बोट रक्ताळतं. तार हाताला लागली की नखांनी किंवा छोट्या चिमट्याने ती उपसून काढायची, आणि मगच नवी ट्यूब आत घालायची. ही गोष्ट कोणीतरी कधीतरी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून दुसऱ्याला दाखवलेली असते. त्या दुसऱ्याने तिसऱ्याला दाखवली, म्हणून ती आज शेकडो जणांना येते.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. पुण्याहून दौंडच्या दिशेने निघालं की तो पाठीशी असतो, पॅडल हलकं लागतं, आणि आज आपण किती जोरात चाललो आहोत असं वाटतं. परतताना तोच वारा छातीवर येतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात जरासा वेग वाढवायचा म्हटलं तरी दमछाक होते. म्हणून जुनी मंडळी सांगतात, ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतीला त्याची मदत घ्या. घोळक्यात असाल तर एकामागे एक चला. पुढचा वारा झेलतो, मागच्याचे कष्ट चांगलेच वाचतात. थोड्या वेळाने पुढच्याने बाजूला व्हायचं आणि मागच्याने पुढे यायचं. जो अगदीच थकला असेल त्याला पुढे पाठवायचं नाही. रविवारी सकाळी हा नियम पाळणारी अनोळखी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो. जोराच्या श्रमात शरीरातली साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते. हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, उगाच चिडचिड होते. भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी प्या, हे सायकलवाल्यांचं जुनं सांगणं आहे. खिशात गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू असला तरी पुष्कळ.

आता मोबाईल सगळं मोजतो. किती किलोमीटर, किती वेग, किती चढ. हे आकडे एकमेकांना दाखवण्यात आनंद असतो, आणि तो असू द्यावा. पण नव्याने सायकल हातात घेणाऱ्याला त्या आकड्यांनी धीर येत नाही, उलट तो दबतो. त्याला धीर येतो तो खऱ्या हकिकतीने. पन्नाशीच्या एक शिक्षिका पहिल्यांदाच घाटाकडे निघाल्या होत्या. पायथ्याशी त्यांनी हळूच विचारलं, ‘मध्येच उतरून चालत गेलं तर चालतं का हो?’ त्यांच्या गटातल्या सगळ्यात अनुभवी काकांनी सांगितलं, ‘न चालायला काय झालं, ताई? मीसुद्धा पहिल्या वर्षी निम्मा घाट चालत चढलोय.’ त्या एका वाक्याने बाई निघाल्या आणि वर पोचल्या. काकांनी तेव्हा आपल्या वेगाचे आकडे सांगितले असते तर त्या बहुधा परत फिरल्या असत्या.

बायकांच्या गप्पांत आणखी एक माहिती असते, जी पुरुषांच्या लक्षातही येत नाही. वाटेतल्या कोणत्या पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह खरोखर उघडं आणि वापरण्याजोगं असतं, कोणत्या रस्त्यावर उजाडेपर्यंत दिवे नसतात, कुठे एकटीने थांबू नये, कोणत्या हॉटेलातल्या ताई सायकल आत लावू देतात. ही माहिती एकीकडून दुसरीकडे पोचते तेव्हा एक बाई घराबाहेर पडू शकते. म्हणून ती मोकळेपणाने सांगायला हवी आणि कोणताही संकोच न करता विचारायला हवी.

सांगण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या सफरीला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ साली ते मुंबईला परत आले. परतल्यावर त्यांनी आपले अनुभव पुस्तकात लिहून काढले, आणि त्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभली. त्यांनी लिहिलं म्हणून ती वाळवंटं, ती जंगलं, ते उपासाचे दिवस शंभर वर्षांनंतरही आपल्याला कळतात.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा एक प्रकार फ्रान्समधून आपल्याकडे आला आहे. सायकलवाले त्याला बीआरएम म्हणतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत पुरे करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. मला यातली एक गोष्ट फार आवडते. इथे पहिला नंबर, दुसरा नंबर असं काही नसतं. मुदतीत पोचलेले सगळे सारखे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरची प्रसिद्ध फेरी दर चार वर्षांनी होते आणि तिला जास्तीत जास्त नव्वद तासांची मुदत असते. तिथेही हाच नियम आहे. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली होती, पुढे सामान्य सायकलस्वारांनी तिला आपलंसं केलं. नंबराची चढाओढ नसली की माणसं एकमेकांना सगळं सांगतात, हातचं राखून ठेवत नाहीत.

पण रविवारच्या मंडळींना माझी एक विनंती आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा ज्या रस्त्यावर जाता, त्याच रस्त्यावर काही माणसं रोज सायकल चालवतात. दूध घालणारे, पेपर टाकणारी मुलं, हँडलला डबा अडकवून बांधकामावर निघालेले गवंडी, शाळेला जाणाऱ्या मुली, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक. त्यांना त्यांचा अनुभव कोणी विचारत नाही. एका चहाच्या टपरीवर अशाच एका रात्रपाळीवाल्या मामांनी पावसाळ्याच्या तोंडावर सांगितलं होतं, ‘पाऊस पडत असला की रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर वळू नका. चाक सरकतं.’ ओल्या रंगावर टायरची पकड सुटते, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून माहीत होतं. टपरीवर थांबाल तेव्हा या माणसांशी बोला. गप्पांचा गोल थोडा मोठा करा, त्यांना खुर्ची द्या.

आणि आता जे सायकल चालवत नाहीत, त्या श्रोत्यांसाठी. या सगळ्या सांगण्यात एक भीती पुन्हा पुन्हा ऐकू येते. ती घाटाची नसते, काळोखाची नसते, मागे लागणाऱ्या कुत्र्यांचीही तितकीशी नसते. ती असते दोन गोष्टींची: अगदी अंगाला घासून पुढे जाणारी गाडी, आणि उभ्या गाडीचं अचानक उघडणारं दार. कित्येक देशांत सायकलला मागे टाकताना दीड मीटर अंतर सोडणं कायद्याने सक्तीचं आहे. एवढं अंतर तुम्ही आज ऑफिसला जाताना सोडू शकता. अंतर सोडायला जागा नसेल तर दोन मिनिटं मागे राहा.

दाराचा उपायही सोपा आहे. नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. उजवीकडे बसला असाल तर दार डाव्या हाताने उघडा, डावीकडे बसला असाल तर उजव्या हाताने. तसं केलं की अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. आज गाडीतून उतरताना हे करून पाहा, आणि शेजारी बसलेल्यालाही सांगा.