घासापुरती गोडी

सोलापूर जिल्ह्यात जनावरांना गोड भरवायचा सण सगळीकडे एकाच दिवशी येत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी, इतर बऱ्याच गावांत पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवलेला, झूल पांघरलेला खिलार बैल दारात उभा राहतो आणि घरातली म्हातारी पुरणपोळीची घडी तळहातावर धरते. बैल आधी हुंगतो, खरखरीत जिभेने पोळी ओढून घेतो, आणि ती संपली तरी तळहात चाटत राहतो. त्याला गोडी कळते, यात शंका नाही. मांजराच्या जिभेला गोड लागतच नाही, याचं कारण शास्त्रज्ञांना २००५ मध्ये त्याच्या जनुकांत सापडलं. गाय-बैल, शेळी, घोडा, कुत्रा यांना मात्र ती चव आहे.

त्या घासात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं माप. तळहातावर मावेल तेवढंच द्यायचं. पुढचं संकट हे माप सुटल्यावर येतं.

गाय-बैलांसारख्या रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराचं कोटीपोट म्हणजे शंभर लिटरहून मोठी आंबवण्याची जागा. तिथले सूक्ष्मजीव वैरणीतला चोथा पचवतात. तिथे एकदम टोपलीभर भात, पुरण, बुंदी पडली, की पिष्ट आणि साखर झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साचतं आणि चोथा पचवणारे सूक्ष्मजीवच मरतात. रवंथ थांबतो, हगवण लागते, अंग गार पडतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर एक-दोन दिवसांत दगावतं. लग्नसराईत मंगल कार्यालयामागे गाईपुढे ओतलेली पातेली पाहिली की जीव कळवळतो. उरलंसुरलं टाकायला जागा हवी असते आणि गाय समोर उभी असते. त्याला पुण्य म्हणणं मला पटत नाही.

जनावरांना गोड घालण्याची रीत फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. भूमध्य सागराच्या काठी कॅरोब नावाचं झाड वाढतं. त्याच्या तपकिरी शेंगांचा निम्मा गर साखरेचा असतो. तिकडे पूर्वापार घोड्यांना, गाढवांना त्या घालतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी, ते कॅरोबमध्ये नसतं. म्हणून परदेशात कुत्र्यांच्या बिस्किटांत चॉकलेटऐवजी कॅरोबची पूड वापरतात. आपल्या माळावर कॅरोबची जागा चिलारीने, म्हणजे वेड्या बाभळीने, घेतली आहे. उन्हाळ्यात हिरवं काही उरत नाही तेव्हा तिच्या पिवळ्या, गोड शेंगा शेळ्या आवडीने वेचतात, आणि लेंड्यांतून बी पसरवून चिलारीचं रानही वाढवतात. अधूनमधून मिळालेल्या या शेंगांनी दुष्काळात जनावरं तगतात. ब्राझीलमध्ये मात्र बराच काळ मुख्यतः त्याच शेंगांवर राहिलेल्या गुरांच्या जबड्याचे स्नायू निकामी झाले.

कुत्र्यांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने जास्तच सावध राहायला हवं. नान्नजसारख्या गावांनी द्राक्षात नाव कमावलं, बेदाण्याच्या शेडही इथे आहेत. बागेच्या राखणीला ठेवलेल्या कुत्र्यापुढे लाडाने टाकलेले मूठभर बेदाणे त्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात.

खरी गोष्ट उसाची आहे. इतके साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात हंगामभर गाडीबैलांपुढे आणि दुभत्या गाईंपुढे वाढंच (उसाचे हिरवे शेंडे) पडतं. हिरवंगार, चवीला गोडसर, फुकट किंवा स्वस्त. जनावर ते मिटक्या मारत खातं, म्हणून आपलंही समाधान होतं. पण वाढ्यातली ऑक्झलेटं शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतात; महिनोन् महिने तेवढ्यावरच ठेवलेल्या जनावराची हाडं कमकुवत होतात, दूध घटतं. वाढ्याची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडली, जोडीला कोरडी वैरण आणि खनिज मिश्रण दिलं, तर हे बरंचसं टळतं. आणि कोरडी वैरण आपल्याकडे किती चांगली! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मालदांडी वाणाचा कडबा जनावरं शेवटच्या कांड्यापर्यंत खातात. ऊस वाढला तशी ज्वारी मागे हटली आणि कडबा महाग झाला.

पोळ्याची पोळी बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. सणासाठी डाळ-गूळ आणताना खनिज मिश्रणाची पिशवीही त्याच यादीत यावी, एवढं मागणं आहे. आणि ऊसतोडीच्या तळावर कारखान्यांनी बैलांसाठी रास्त भावात कडबा ठेवावा. वजन तो बैलच ओढतो आहे.