म्हातारीची मोळी

आदर्श आई हा विषय आपण फार दिवस दुसऱ्यांच्या हवाली करून ठेवलाय. मोर्चा, निवेदन, जयंती, शिबिर यातून आपल्याला सवड नाही. पोरांच्या गोष्टी म्हणजे मास्तरांचं काम, अशी आपलीही समजूत. पण वस्तीतलं पोरगं आपलं भाषण ऐकायच्या आधी गोष्ट ऐकतं. गोष्टीतल्या आईवरून ते घरातल्या आईला तोलतं. इथं मामला गंभीर होतो.

मराठी पोराला आई कशी असावी हे 'श्यामची आई'नं शिकवलं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, १९३५ ला छापलेलं हे पुस्तक. १९५३ ला अत्र्यांनी त्याचा सिनेमा केला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. साने गुरुजींबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. पंढरपूरचं देऊळ आपल्याला खुलं व्हावं म्हणून १९४७ साली हा माणूस उपाशी बसला होता. (आपल्याला देऊळ हवं होतं का, ही गोष्ट वेगळी.) त्यांची आई रिकामी बसत नाही हेही खरं. पाणी, रांधणं, आजारपण, कर्जाची काळजी, सगळं ती ओढते. पण तिचे बहुतेक कष्ट उंबऱ्याच्या आतले, म्हणून ते पवित्र.

उंबऱ्याबाहेर राबणारी एक बाई त्याच पुस्तकात आहे. महारवाड्यातली म्हातारी. मोळी खाली पडलीय, शिवायला कुणी तयार नाही. श्यामची आई सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि येऊन आंघोळ कर. त्या काळात ब्राह्मणाच्या घरात हेही थोडं नव्हतं. श्यामला पुण्य लागतं, वाचणाऱ्याला गहिवर येतो.

रविवारी विहारात मी पोरांना वाचून दाखवतो. हा भाग वाचला तेव्हा चौथीतली एक पोरगी म्हणाली, "सर, ती म्हातारी कोनाची आई हाय? तिची पोरं कुटं गेलती?" त्या पोरीची माय चार घरची धुणीभांडी करते. प्रश्न साधा, पण उत्तर पुस्तकात नाही. म्हातारीला मोळी आहे, जात आहे. नाव नाही, लेकरू नाही. श्यामच्या चांगुलपणाला लागणारं सामान म्हणून ती आलीय.

त्या प्रश्नाचं उत्तर छापून यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. श्यामचं पालगड रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्याच जिल्ह्यातल्या फणसवळ्याच्या उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं. त्यात आपल्या बाया मोळ्या नि गवताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगरवाटेनं रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या आहेत. त्या बोलतात, एकमेकींची टिंगल करतात, रडतात. नवऱ्याच्या मागं लेखिकेची आई बांबूची आयदानं विणते आणि पोरं शिकवते. मोळीखालचा चेहरा असा दिसला.

पण 'आयदान' मोठ्यांचं पुस्तक. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ज्योती लांजेवारांची 'आई' ही कविता, सगळं मोठ्यांसाठी. बाबुराव बागुलांच्या 'आई' कथेत तर वर्गात आईवरचीच कविता चाललेली असते आणि पोराचा जीव गुदमरतो. कारण त्याची आई कवितेतल्यासारखी नाही, ती कामावर जाते आणि वस्ती तिच्याबद्दल वंगाळ बोलते. चांगली आई घरात, कामावर जाणारी बदचालीची, हे माप त्या पोराच्या हातात कुणी दिलं? शाळेनं, कवितेनं. मापं नऊ-दहा वर्षांच्या वयातच हातात पडतात. नंतर आत्मचरित्र वाचून ती बदलायला फार उशीर झालेला असतो.

मग श्यामच्या आईला उठवून त्या पाटावर कामकरी आई बसवायची का? इतकं सोपं नाही.

आता कामावर जाणारी आई पुस्तकांत यायला लागलीय. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली, घरकामात पुरुष दाखवले. चांगलं झालं. पण गोष्टीतली आई पर्स घेऊन आपिसात निघते तेव्हा तिच्या घरची भांडी कोण घासतं? 'मावशी' घासते. मावशीसुद्धा कामावर आलेली आईच आहे, आणि तिचं पोर कुठंय ते गोष्ट सांगत नाही. मोळी पुन्हा तिच्याच डोक्यावर.

दुसरा धोका आपल्याच बाजूचा. 'राबणाऱ्या माउलीला वंदन' म्हणत आपणही कष्टाची आरती ओवाळायला लागतो. १९३६ साली गांधींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्यावर लिहिलं. आई लेकरासाठी जे करते तेच भंगी समाजासाठी करतो, अशी त्यात तुलना होती. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी असल्या गौरवाचे वाभाडे काढले. ज्याला घाणीत ठेवायचं त्याला थोर म्हणायचं, ही जुनी युक्ती. आईच्या बाबतीत ती अजून चालते. कारण आईची स्तुती करायला पैसे पडत नाहीत.

बाबासाहेबांनी आईसाठी काय केलं ते बघा. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाचं बिल आलं. त्यांनी पाठिंबा दिला. बाईला त्या दिवसांत विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा काही भार सरकारनंही उचलावा, असं ते म्हणाले. १९२९ साली कायदा झाला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, तरी धुणीभांडीवाली आणि ऊसतोडवाली बाहेरच राहिली. तिला आजवर जास्त करून वंदनच मिळालंय.

आता खरी अडचण. आदर्श म्हणजे ज्याच्यासारखं व्हायचं. आणि आपली माय काय सांगते? "बाबा, माझ्यावानी नको होऊ." तिचा सगळा जीव याच्यासाठी आटतो की पोरीच्या हातात खराटा येऊ नये. मग पोरीनं आईसारखं व्हायचं म्हणजे काय करायचं? मला वाटतं, आईचं काम आणि आईची करणी या दोन वेगळ्या चिजा आहेत. काम जातीनं नि गरजेनं गळ्यात मारलेलं. त्या कामात राहून तिनं जे केलं ते तिचं स्वतःचं. भाव केला, हिशोब ठेवला, नाही म्हणाली, पोरीला शाळेत घातलं, हात कसबी ठेवला. उर्मिलाताईंनी आईच्या विणण्याचं आणि आपल्या लिहिण्याचं नातं स्वतःच सांगितलंय, टोपली विणायला न बसता. गोष्टीनं ही करणी दाखवावी. कामाची पूजा करू नये, आणि पोराला कामाची लाज वाटेल असंही लिहू नये.

म्हणजे अशी गोष्ट: आई ऊसतोडीवर आहे. उचलीच्या हिशोबात मुकादमानं मारलेली चूक ती पोरीकडून वही वाचून घेऊन पकडते. रात्री कोपीवर तिचं अंग मोडून येतं, ती पोरीवर खेकसते. त्या रात्री भाकरी बाप थापतो. बाप थापतो हे लिहाच. आपली मीटिंग रात्री अकराला सुटते तेव्हा घरी ताट वाढायला कोण जागं असतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढच्या अंकासाठी अशी गोष्ट पाठवा. दोन फुलस्केप पानं पुरेत. आईचं नाव, ती कुठं काम करते आणि तिला दिवसाला किती मिळतं, हे पहिल्याच पानावर यायला हवं.