दैव, गृहस्थधर्म आणि भूकंपविमा

घराचा भूकंपविमा उतरवावा की नाही, याचा निर्णय बहुधा हप्त्याच्या रकमेकडे पाहून घेतला जातो. मुळाशी मात्र एक जुना धार्मिक पेच आहे. जे घडायचे ते ईश्वराधीन असेल, तर त्यासाठी आधीच पैशाची तजवीज करणे ही अश्रद्धा ठरते का? आणि घरादाराची आसक्ती सोडायला सांगणाऱ्या परंपरेत, पडलेल्या घराचे मोल पुन्हा मिळावे म्हणून केलेला करार कितपत बसतो?

भूकंपाला नैतिक अर्थ असतो का, यावर भारतातला सर्वांत गाजलेला वाद १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता त्याज्य मानणाऱ्या रवींद्रनाथ टागोरांनाही हे पटले नाही. निसर्गातील घटनांची कारणे निसर्गातच शोधावीत, असा त्यांचा आग्रह होता. गांधीजींनी हा आक्षेप आपल्या उत्तरासह ‘हरिजन’मध्ये छापला. या वादात टागोरांचीच बाजू बरोबर होती. किल्लारी परिसराचा अनुभव तेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि मातीचे जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. गवताच्या हलक्या छपराखाली असलेल्यांना जगण्याची संधी कितीतरी अधिक मिळाली. छपराच्या वजनावरून कोण पुण्यवान आणि कोण पापी हे ठरवता येत नाही. हा प्रदेश तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही विसरू नये.

भूकंप शिक्षा नसेल, तर विमा घेणारा कोणाच्या न्यायात ढवळाढवळ करत नाही. तरीही दैवाचा प्रश्न उरतोच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. दैव त्यात आहे, पण ते एकटे नाही. घराची जागा, बांधणारा, साहित्य आणि त्याची मेहनत यांचा वाटा माणसाच्या हातचा आहे, आणि तो न उचलता सारा भार दैवावर टाकणे हा शास्त्राचा अर्थ नव्हे. भारतीय आयुर्विमा महामंडळाचे बोधवाक्य तर गीतेच्याच नवव्या अध्यायातले आहे. ज्या श्लोकात भगवंत भक्तांच्या योगक्षेमाचा भार उचलतात, त्याच श्लोकातले.

अनासक्तीचा आक्षेप जास्त गंभीर आहे. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, ही आठवण वारकरी घराघरांत आहे. परंपरा पुढे हेही सांगते, की त्यांनी निम्मी खते आधी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि स्वतःच्या वाट्याचीच बुडवली. गृहस्थाच्या धर्माची मर्यादा या तपशिलात अचूक सापडते. त्याग आपल्या हक्काचा करता येतो. बायको-मुलांच्या, म्हाताऱ्या आई-वडिलांच्या निवाऱ्याचा त्याग त्यांच्या वतीने परस्पर करता येत नाही. एकट्या संन्यस्त माणसाने विमा नाकारला तर ती निष्ठा असू शकेल. कुटुंबप्रमुखाने नाकारला, तर तो दुसऱ्यांच्या जिवावरचा निर्धास्तपणा होतो.

यापलीकडे भूकंपाचे एक वैशिष्ट्य आहे, आणि नैतिक विचाराच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. एका घराला आग लागली तर भावकी धावते, गाव वर्गणी काढते. भूकंपात भावकी आणि गाव एकाच वेळी ढिगाऱ्याखाली जातात. मदत करणारा हातच जखमी असतो. म्हणून या आपत्तीत परस्परसाहाय्याचे वर्तुळ गावापेक्षा, जिल्ह्यापेक्षा मोठे असावे लागते, आणि अनोळखी माणसांचे असे वर्तुळ विम्यामुळे बनते. कधीही न हललेल्या घराचा मालक भरतो तो हप्ता वाया जात नाही. तो कोणाच्या तरी पडलेल्या भिंतीसाठी जातो. इस्लामी विचारात व्याज आणि अनिश्चितता यांमुळे प्रचलित विम्याला हरकत घेतली गेली. त्यातून परस्परदानावर आधारलेली ‘तकाफुल’ ही पद्धत आली. या पद्धतीची पहिली संस्था १९७९ साली सुदानमध्ये निघाली. सगळे शहर एकदम पडण्याचा धोका एकट्या कंपनीला पेलत नाही, म्हणून जपानने १९६४ च्या नीगाता भूकंपानंतर, १९६६ मध्ये, घरांच्या भूकंपविम्यामागे कायद्याने सरकारचे बळ उभे केले.

सरकारी मदत मिळतेच, मग विमा कशाला, असेही विचारले जाते. किल्लारीनंतर शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून गावेच्या गावे नव्याने वसवली, हे मोठे काम होते. पण मदत देणाऱ्याच्या इच्छेवर आणि तिजोरीवर अवलंबून असते. विम्याची भरपाई करारातल्या अटींनुसार हक्काने मागता येते. ज्याला हप्ता परवडत नाही त्याच्यासाठी शासनाची जबाबदारी कायमच राहते, आणि ती विम्याकडे बोट दाखवून टाळता येणार नाही.

विम्याने जीव वाचत नाही. जीव वाचवते ती मजबूत बांधणी, म्हणून पहिला खर्च भिंती, छप्पर आणि खांबांवर व्हावा, दुसरा विम्यावर. भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भूकंपाचे संरक्षण मूळ करारातच आहे. रक्कम ठरवताना घराचा बाजारभाव धरू नये, बांधकामाचा खर्च धरावा, कारण जमीन कोसळत नाही. सदनिकाधारकाला एकट्याला आपला मजला पुन्हा बांधता येत नाही, त्यामुळे विमा संपूर्ण इमारतीचाच हवा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही इमारतीचा आग आणि भूकंपाविरुद्ध विमा उतरवावा असे म्हटले आहे. ज्या संस्थांनी तो उतरवलेला नाही, त्यांच्या सभासदांनी पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा.