तीन नळ्यांची परीक्षा

जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत पोलादाच्या तीन नळ्या परीक्षेला आल्या. शिसे आणि बिस्मथ यांच्या वितळलेल्या रसात, 550 अंश सेल्सिअसला, त्यांना महिनोन्‌महिने टिकायचं होतं. हा रस 125 अंशांच्या आसपासच पातळ होतो आणि 1600 अंशांपर्यंतही उकळत नाही, म्हणून अणुभट्टी थंड ठेवायला तो फार गुणाचा. मात्र तो पोलाद विरघळवतो.

थोरली नळी निकेलयुक्त, लखलखीत. "मला कधी गंज चढला नाही," ती म्हणाली. पाण्यात ते खरंही होतं. रसाने आधी तिच्यातलं निकेल ओढून घेतलं, मग रिकाम्या झालेल्या जागेत तो स्वतः शिरला.

मधलीच्या अंगावर अॅल्युमिनाचा, म्हणजे चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचा लेप होता. लेप अखंड होता तोवर रसाचं काही चाललं नाही. पण भट्टी निवली, पुन्हा तापली. पोलाद जितकं प्रसरण पावतं, तितका तो लेप पावत नाही. बारीकशी चीर गेली, आणि रसाला तेवढी वाट पुरली.

धाकटी दिसायला अगदी साधी. अॅल्युमिनियम असलेला थर तिच्यावर देऊन कारागिरांनी इलेक्ट्रॉनच्या झोताने तो क्षणभर वितळवला होता आणि तिच्या पोलादातच मुरवला होता. तिलाही ओरखडा गेला. पण रसात विरघळलेला प्राणवायू उघड्या पडलेल्या अॅल्युमिनियमला भेटला आणि तिथे अॅल्युमिनाची नवी, अतिशय पातळ कातडी धरली.

"तुला हे कसं जमलं गं?" मधलीने विचारलं.

"ताई, तुझं रक्षण तुझ्या अंगावर होतं, माझं अंगात आहे. ओरखडा मलाही चुकला नाही. पण जखम भरून काढायचं सामान माझ्याजवळ शिल्लक होतं."

मला या धाकटीचा मोठा आदर वाटतो, कारण तिने एकटीच्या बळाची बढाई मारली नाही. "मला प्राणवायू मात्र लागतो," तिने सांगितलं.

"मग भरपूर सोडा की!" थोरली कळवळून म्हणाली.

वृद्ध तंत्रज्ञाने मान हलवली. "नाही बाई. प्राणवायू फार झाला की शिशाचाच गाळ धरतो आणि वाटा बुजतात. सोव्हिएत पाणबुडी के-27 मध्ये हाच रस होता. 24 मे 1968 रोजी गाळाने तिच्या अणुभट्टीतला प्रवाह अडला, इंधन तापलं आणि किरणोत्साराने नऊ खलाशी गेले." त्याने प्राणवायूची मात्रा टक्क्याच्या दशलक्षाव्या भागाच्या आसपास राखली.

मधलीच्या जातीसाठी तो पोलादाबरोबर वाकेल असा पातळ लेप शोधू लागला. थोरलीलाही त्याने भंगारात काढलं नाही. तिच्या जातीच्या नव्या नळ्या रस 400 अंशांहून थंड असतो त्या बाजूला बसवल्या, आणि धाकटीला गरम बाजूला ठेवलं.